टोपली रिकामी आली नाही

तिने मला सोडलं त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, माझ्या मत्सराचं वजन दीड टन होतं. मोटरसायकलचं मागचं टायर त्या भाराने दोनदा बसलं. ती तलासरीला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. मी डहाणूहून जाऊन समोरच्या टपरीवर बसायचो, आणि इतका चहा प्यायचो की टपरीवाल्याने माझ्या जिवावर दुसरी म्हैस बांधली. सातबाऱ्याची नक्कल काढायला आलेला सत्तरीचा म्हातारासुद्धा मला देखणा वाटायचा.

सोडताना ती एवढंच म्हणाली होती, "आता नको." का, ते सांगितलं नाही. ती परत यावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. खोटं बोलतोय, वाटत होतं. पण निदान कारण तरी!

मग उंबरगावकडच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. तो टकला आहे असं मी गावभर पसरवलं. टकला असता तर मला झोप तरी लागली असती.

साखरपुड्यासाठी तिच्या आईने आमच्या वाडीतले चिकू मागवले. बाबा म्हणाले, "तूच काढ. आणि प्रत्येकाला नख लावत बसू नकोस रे."

चिकूची साल नखाने जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर तयार. झाडामागे एखादंच फळ असं बघतात, बाकीची नजरेने ओळखतात, कारण नख लागलेलं फळ तिथूनच सडतं. मी दोनशे चिकू काढले आणि दोनशेंना नख लावलं. टोपलीच्या तळाशी चिठ्ठी ठेवली. तिच्यावर एकच शब्द : का?

आमच्याकडे कुणाची टोपली रिकामी परत करत नाहीत. त्या भरवशावर पाच दिवस काढले. तेवढ्यात माझी दाढी गुडघ्यापर्यंत आली.

सहाव्या दिवशी तिची आई टोपली घेऊन आली. आत नारळ, मूठभर तांदूळ आणि एक चिकू, नखाच्या खुणेपासून काळा पडत गेलेला.

"मावशी, हा कशाला?"

"तिनेच दिलाय तुला. म्हणाली, मलाही तो रोज असाच बघायचा. बसमध्ये शेजारी कोण होतं, फोन कुणाचा, हसलीस कशाला." मावशींनी पदराने कपाळ पुसलं. "बाकीचे गोड होते हो. पाहुण्यांपुढे सोलूनच ठेवावे लागले, एवढंच."

त्या गेल्यावर मी तो चिकू खाल्ला. चांगली बाजू खरंच गोड होती.

कारण कळलं की माणूस मोकळा होतो म्हणे. २०१९ उजाडलं तरी, का मोडलं असं कुणी विचारलं की मी दर वेळी नवी गोष्ट सांगायचो. एकदा त्यात बिबट्या होता, एकदा डहाणूच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा. खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही.

चिकू आता बाबा दुसऱ्याकडून काढून घेतात. मी टोपली धरून झाडाखाली उभा राहतो, अंगठ्याचं नख दातांनी कुरतडत.