माझे थोरले साडू आणि साबणाचं पाणी

नापास व्हायची पूर्ण संधी दिल्याशिवाय माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू घरात येऊ दिलेली नाही. सोफा घ्यायचा म्हणून त्यांनी आधी त्याच्या मापाची वर्तमानपत्रं बैठकीत अंथरली आणि चार महिने तशीच ठेवली. मी एकदा घाईत त्यांवरून गेलो, तर केवढ्यानं ओरडले, "साडूभाऊ, सोफ्यावरून चाललात तुम्ही!" भिंतीवर त्यांनी सात रंगांचे पट्टे ओढले होते. सकाळी, दुपारच्या उन्हात आणि ट्यूबलाइटखाली ते प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघत. "भिंतीला नायटा झालाय नुसता," त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, म्हणायच्या. "पाहुणे इचारतेत, काय सांगावं मी?" ओटा बांधण्याआधी त्यांनी विटांवर फळी टाकून अक्कांना आठ दिवस तिच्यावर भाकरी थापायला लावल्या. रोज संध्याकाळी खांदे दुखतात का विचारायचे आणि फळीखाली एखादा फरशीचा तुकडा घालायचे किंवा काढायचे. आज त्या ओट्याशी अक्का तास-तास उभ्या राहतात आणि पाठीचं नाव काढत नाहीत, हे मान्य करावं लागतं.

आमच्या न्हाणीघराच्या फरश्या घ्यायला मी त्यांना औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात सोबत नेलं, तेही बायकोनं आग्रह केला म्हणून. मला एक पांढरी, आरशासारखी फरशी आवडली. साडूंनी पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली काढली, दुकानाच्या दारातच नमुन्याच्या फरशीवर ओतली, चपला काढून तिच्यावर उभे राहिले आणि अंगावर पाणी घेतल्यासारखे हात करू लागले. येणारे-जाणारे थांबले.

"चाचा, घसरना है तो घर जाके घसरो ना," दुकानदार म्हणाला. सगळे हसले. मग त्यानं मला विचारलं, "तुमच्यासोबत हायत का हे?"

मी म्हणालो, "नाही."

साडूंनी चपला घातल्या. मी ती फरशी ठरवून टाकली. परत येताना ते एवढंच बोलले, "पाय सरकतो तिच्यावर. तुमच्या आईंचा इचार करायचा व्हता."

फरशी बसवल्यावर तिसऱ्याच महिन्यात आई तिच्यावरून घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. साडू रोज दवाखान्यात डबा घेऊन यायचे. फरशीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर आई न्हाणीघरात एकटी जाईना. "सुनेच्या हातानं न्हायचं म्हंजे लई लाज वाटती रे," म्हणायची. मग साडूंनीच पाच-सहा खरखरीत फरश्या आणल्या, प्रत्येकीवर मला अनवाणी उभं केलं आणि जी पास झाली ती बसवून घेतली. भिंतीला आधाराचा दांडाही लावला.

त्यानंतर आई पहिल्यांदा एकटी आत गेली, त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आम्ही दोघं दाराबाहेर उभे होतो. मी धीर करून म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी दुकानात मी..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दाराला कान लावला.

"ऐका," ते हसून पुटपुटले, "दोन्ही हातांतल्या बांगड्या वाजायल्यात. दांडा सोडलाय त्यांनी."

तो आवाज थांबेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. माझं वाक्य अजून अर्धंच आहे.