साळुंकेसरांच्या चार पेट्या

साळुंकेसर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि मध्येच कुणीतरी लिहिलं होतं, ‘एक मनमिळाऊ, मृदुभाषी व्यक्तिमत्त्व हरपलं.’ मी लॅबमध्ये उभी होते. मला हसू आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये हे मलाही कळतं. पण सरांबद्दल नुसतं चांगलं लिहायचं तर ते दुसऱ्याच कुणाबद्दल होईल. महिना उलटलाय. मी त्यांच्याकडून बरंच शिकले... कामही आणि बाकीचंही. ते जसं झालं तसं सांगते.

तुळजापूर रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा तिथं नुकतंच नेटवर्क आलं होतं. ते सगळं सरांच्या ताब्यात. चाळिशीचे, काटकुळे, नळदुर्गचे, शर्टाला कायम कडक इस्त्री. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत लोखंडी रॅकमध्ये चार हब एकावर एक रचलेले होते. हब म्हणजे ती चपटी पेटी, जिच्यात सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येऊन मिळतात. चारही पेट्या मागून एकेका जाड, आखूड केबलनं जोडल्या की मिळून एकच मोठी पेटी होते. ह्याला स्टॅक म्हणायचं. स्टॅक जोडायचं आणि सांभाळायचं काम तेव्हा आसपास फार कुणाला येत नव्हतं. सरांना येत होतं, आणि दुसऱ्या कुणाला येऊ नये असं त्यांना वाटायचं. “हबमध्ये एकानं बोलायचं अन् बाकीच्यांनी गप ऐकायचं,” ते म्हणायचे. “दोघं एकदम बोलले की टक्कर.”

मी मुरुम गावची, म्हणून ते मला नावानं कधी हाक मारत नसत. “ए मुरुम.” रुजू होऊन आठवडा झाला असेल. मी जेवून आले तर अर्धं कॉलेज बंद. सर खुर्चीत चहा पीत बसलेले. म्हणाले, “शोध.” मी प्रत्येक वायर हलवून पाहिली. पेट्यांवरचे दिवे तर सगळे हिरवे होते. ऑफिसातनं, लायब्ररीतनं लोक येऊन मला नाही नाही ते बोलून जात होते, आणि सर त्यांना सांगत होते, “नवीन पोरगी हाय, तिनं काहीतरी केलंय.” तीन तासांनी मला सापडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीमधली मागची केबल जागेवरच होती, फक्त तिचे स्क्रू सैल करून ती केसभर बाहेर ओढलेली होती. ती कुणी ओढली हे विचारायची गरज नव्हती. मी स्क्रू आवळले, सगळं चालू झालं आणि माझे डोळे भरले. सर म्हणाले, “आता रड. काम झाल्यावर रडायचं, आधी न्हाय.” त्या दिवसानंतर स्टॅकमधला कुठलाच बिघाड मला अडला नाही, हेही खरं.

परीक्षा विभागात ढवळे नावाचे क्लार्क होते. निवृत्तीला आलेले, दोन्ही गुडघे दुखायचे. एकदा सगळ्यांसमोर ते सहज बोलून गेले, “साळुंके, तुमच्या त्या डब्याचं काय झालं, आज लई हळू चाललाय?” सर हसले. वर येऊन त्यांनी कॉम्प्युटरवर एक ओळ टाइप केली. स्टॅकचं असं असतं, की एका जागेवर बसून चारही पेट्यांतल्या हव्या त्या माणसाची वायर बंद करता येते. ढवळ्यांची वायर बंद झाली. पुढचे अकरा दिवस ढवळे निकालाच्या फ्लॉपी खिशात घालून, कठडा धरून दोन जिने चढत आमच्याकडे येत होते. वर आले की आधी दम खायचे. सर त्यांना बसा म्हणत नसत. निकालाला उशीर झाला म्हणून प्राचार्यांनी ढवळ्यांना मेमो दिला. मला सगळं माहीत होतं. मी एकदा म्हटलं, “सर, बास करा की.” ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “तुझी वायर कितव्या नंबरला हाय, मुरुम?” मी पुन्हा कामाला लागले. बाराव्या दिवशी ढवळे हात जोडून उभे राहिले, “सर, चुकलं माझं.” सरांनी त्यांच्यासमोर एक ओळ टाइप केली. “जावा, झालं चालू. डबाच हाय तो.” ढवळे जिना उतरताना मी त्यांच्या मागे गेले नाही. ते आजही टोचतं.

मग काही वर्षांनी हबच्या जागी स्विच आले. स्विच ज्याचा निरोप त्यालाच देतो, सगळ्यांना ऐकवत बसत नाही. संस्थेनं मला शिकायला सोलापूरला पाठवलं आणि परत आल्यावर नेटवर्क विभागाची प्रमुख केलं. सर माझ्या हाताखाली आले. त्या दिवसापासून मला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणू लागले. जुना स्टॅक काढायचा होता. मी कुणालाही सांगू शकले असते. सरांना सांगितलं, आणि ऑफिसातल्या चार जणांना बघायला बोलावलं. ते म्हणाले, “मॅडम, खालचा एक राहू द्या. पोरांना शिकवायला होईल.” मी नको म्हटलं. ते एकेक पेटी उतरवत होते. शेवटच्या पेटीचा स्क्रू निसटून फरशीवर पडला. मी म्हटलं, “शोधा.” ते गुडघ्यांवर बसले. इस्त्रीचा शर्ट, आणि रॅकखाली घातलेलं डोकं... स्क्रू माझ्या चपलेजवळ पडला होता. मला दिसत होता. बघणाऱ्यांतल्या एकीलाही दिसला असावा, तिनं मान फिरवली. मी पाय हलवला नाही. बऱ्याच वेळानं सर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “न्हाय सापडत.” पुढच्या महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर आमची भेट नाही.

गेल्या आठवड्यात नळदुर्गला गेले. हायवेला लागून सरांचं दोन खोल्यांचं घर, बाहेर ट्रकांची घरघर. मूलबाळ नव्हतं. सरांच्या पत्नी, काकू, एकट्याच होत्या, भिंतीला टेकून खाली बसलेल्या. खिडकीशी एक वेताची खुर्ची रिकामी होती.

“तुमचं नाव लई घ्यायचे,” काकू म्हणाल्या.

“काय म्हणायचे?”

“म्हणायचे, कॉलेजात सगळी कच्ची. ती मुरुमची एकटी माझ्यावर गेली.”

त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग विचारलं, “काकू, तुम्ही अशा खाली का बसलाय? खुर्ची आहे की.”

“ती त्यांची हाय. म्या कधी बसलेच न्हाय तिच्यावर.” खुर्चीकडे हात करून त्या म्हणाल्या, “तुमी बसा.”

मी बसले. काकू आत गेल्या, चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या, पदर बोटाला गुंडाळत. मी एक घोट घेईपर्यंत त्यांची नजर माझ्या तोंडावर होती.

“बरा झालाय का?” त्यांनी विचारलं. उभं आयुष्य रोज तेच विचारत आलेल्या माणसाचा तो आवाज होता.

चहा चांगला झाला होता. एक शब्द बोलले असते तर त्या बसल्या असत्या. आणि मी, का कुणास ठाऊक, लगेच उत्तर दिलं नाही.