व्याह्यांचा मान आणि अमेरिकेचे उंट

भोंगा आधी लांबून कण्हल्यासारखा यायचा आणि मग आभाळ फाडायचा. बांगलादेशच्या लढाईचे दिवस. मी मुंबईच्या गोदीत पोती उचलायचो. भोंगा झाला की चाळीतले दिवे पटापट मालवायचे. एकदा असेच अंधारात बसलो होतो, तेव्हा शेजारचे मुकादम कुजबुजले, "अमेरिकेचं सातवं आरमार निघालंय म्हणतात. त्यांच्या बोटीवर विमानं उतरतात. विमानं!"

मला घाम फुटला. पण खरं सांगू? भीती थोडी होती, नवल जास्त होतं. बोटीवर विमान उतरतं? आमच्या गावी नदीपार जायला बैल नावेत चढवायचा, तर अख्खी आळी शेपटी धरायला यायची!

ते नवल माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. आणि त्याच नवलापायी या वयात, केंब्रिजजवळच्या एका खेड्यात, भरल्या हॉलमध्ये मी जी माती खाल्ली ती आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. कप हातात घ्या. मी हळू बोलतो, चहा गार झाला तर मला नावं ठेवू नका.

मी चौथी पास. मुलगा केंब्रिजला संशोधन करतो. कशाचं, ते त्यानं मला अनेकदा समजावलंय आणि मी दर वेळी मान हलवलीय. बायको गेल्यावर त्यानं मला इथं आणलं. दिवसभर करायचं काय? जवळच्या लायब्ररीत बोटींची चित्रं असलेली जाडजूड पुस्तकं सापडली. मी ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द जुळवत वाचायचो. अडलं की नात सांगायची. नातीचं नाव इरा. जन्म इथलाच, मराठी बोलते पण ती मराठी वाटेत कुठं कुठं उड्या मारते.

बोटींवरून मी लढायांवर आलो. आणि काय एकेक वाचायला मिळालं! अमेरिकेच्या आरमारात एक लाकडी लढाऊ बोट होती, तिच्यावर तोफेचे गोळे आपटून मागं पडायचे. लोक तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ म्हणायला लागले. लाकडाच्या बोटीला लोखंडाचं नाव! ती बोट अजून तरंगते आहे. आणि पहिल्या महायुद्धातलं ते कबुतर? शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या आपल्या पलटणीची चिठ्ठी घेऊन निघालं, गोळी लागली, पाय तुटून लोंबत होता, तरी पोचलं. एवढासा जीव! ते पान वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो.

सकाळी टोस्ट खाताना इरा माझी परीक्षा घ्यायची. ती विचारायची, मी चहाचा घोट घ्यायचो, विचार करायचो, मग उत्तर द्यायचो.

"आजोबा, तुमचा मेमरी मॅड आहे!"

इथल्या पोरांच्या भाषेत मॅड म्हणजे अफाट. मी खूश.

इराचं लग्न डॅनियलशी ठरलं. गुणी मुलगा. त्याचे वडील वॉल्टर हे अमेरिकन. तिकडच्या हवाई दलात विमानांची दुरुस्ती करत, इकडच्या तळावर बदली झाली, इंग्रज बायको केली आणि इथलेच झाले. उंच, रुंद, हात म्हणजे फावडं. तसे ते माझ्या मुलाचे व्याही. पण व्याही तो घराचाच व्याही, नाही का?

एक दिवस इरा धावत आली.

"आजोबा, वॉल्टरच्या गावात क्विझ आहे. या वर्षी टॉपिक वॉल्टरनी चूझ केला. अमेरिकन मिलिटरी हिस्टरी! मी त्यांना तुमचं सांगितलं. शनिवारी तुम्ही त्यांच्या टेबलावर बसायचं!"

"मी? त्यांच्यासमोर?"

"हो! तो नॉर्मन आहे ना, त्यांचा शेजारी, तो दर वर्षी जिंकतो आणि मग वर्षभर वॉल्टरना चिडवतो. या वर्षी वॉल्टर हरले तर ते गावात तोंड नाही दाखवू शकणार. स्वतःचा देशाचा टॉपिक! ते म्हणाले, आय ॲम काउंटिंग ऑन हिम. म्हणजे त्यांचा सगळा आशा तुमच्यावर आहे."

आता इथं जरा थांबा. तुम्ही मराठी माणसं आहात, तुम्हीच सांगा. मुलाचे वडील मुलीच्या आजोबांना निरोप धाडतात, की गावात माझी लाज तुमच्या हातात आहे. याचा अर्थ काय होतो?

मला तर लख्ख कळला. ते सभ्यपणानं सांगत होते, की बाबा, तुम्हाला फार येतं असं ऐकलंय, पण चारचौघांत मला खाली पाहायला लावू नका. माझ्या बहिणीच्या लग्नात आमच्या मामांनी व्याह्यांना रमीत हरवलं होतं. व्याही रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले. जिलबीवर माश्या बसल्या, तरी ते उठेनात. मुलीकडच्यानं कुठं जिंकायचं नसतं, हे मी तेव्हाच शिकलो.

"त्यांना सांग," मी इराला म्हटलं, "अजिबात काळजी करू नका."

तिनं मला मिठी मारली.

शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये गेलो. मागं केक मांडलेले, चहाचं मोठं पिंप, आणि हॉलभर छोटी छोटी टेबलं. प्रत्येक टेबलाला दोनच माणसं, समोरासमोर. ते पाहिलं आणि मला सगळा खेळ समजला. आमच्या जत्रेत कुस्त्यांचे जोड लावतात, तसे जोड लावले होते! या टेबलावर हा विरुद्ध तो, त्या टेबलावर तो विरुद्ध हा. इरानं मला नियम सांगितले नव्हते. तिला वाटलं क्विझ म्हणजे काय हे जगाला ठाऊक असतं. आणि मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला कळलंय.

ती डॅनियलबरोबर लांबच्या टेबलावर बसली. वॉल्टरसाहेबांनी माझा हात त्यांच्या फावड्यात घेऊन हलवला. शेजारच्या टेबलावरून लाल गालांचा नॉर्मन म्हणाला, "काय वॉल्टर, इंडियाहून कुमक मागवलीस?" वॉल्टरसाहेब माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. घाबरू नका साहेब, असं.

टेबलावर कागद एकच आला, त्यांच्यापुढं. म्हणजे आधी त्यांची पाळी, मी समजलो.

माईकवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला. "वॉशिंग्टनमधलं अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं घर कोणत्या देशाच्या फौजेनं जाळलं?" हॉलभर इंग्रजांनी टेबलं बडवली. वॉल्टरसाहेबांनी दात खाऊन ‘ब्रिटन’ लिहिलं. मी अंगठा दाखवला. बरोबर होतं.

मग ती लाकडी बोट आली. माझी बोट! तिचं टोपणनाव काय? वॉल्टरसाहेबांनी कपाळ चोळलं आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. काय हा मोठेपणा! मुलाचे वडील असून पहिला मान मला देतात. मी दोन्ही हातांनी ती परत सरकवली.

"यू, साहेब. फर्स्ट यू."

"मला नाही येत," ते कुजबुजले. "तुम्हाला येतं?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी काहीतरी ‘लकी लेडी’ असं लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे असेल?"

"व्हेरी गुड!" मी म्हणालो.

पुढचा प्रश्न. अमेरिकन लष्करानं एकदा टेक्सासच्या रुक्ष मुलखात सामान वाहायला परदेशातून कोणता प्राणी आणून पाहिला? उंट हो, उंट! अमेरिकेच्या फौजेत उंट! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मुलाला ऑफिसात फोन केला होता.

वॉल्टरसाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी भारतातला, म्हणून त्यांना काहीतरी सुचलं असावं.

"एलिफंट?"

मी अशी काही मान डोलवली, की जणू स्वतः त्या हत्तीवर माहूत होतो.

अलास्काजवळची जपान्यांनी घेतलेली दोन बेटं कोणती? त्यांनी एक हवाईचं लिहिलं आणि दुसरं, माझा समज बरोबर असेल तर, स्कॉटलंडचं. "वा!" मी म्हणालो. त्यांचा चेहरा खुलला. माझ्यावर त्यांचा केवढा विश्वास! मुलीकडच्याला आणखी काय हवं?

आणि मग तो प्रश्न आला. वेढ्यातल्या पलटणीची चिठ्ठी कोणत्या पक्ष्यानं पोचवली?

"ईगल," वॉल्टरसाहेब ठामपणे म्हणाले. अमेरिकन माणूस, त्यांना गरुडच दिसणार. "ईगल ना?"

मी त्या तुटक्या पायाच्या कबुतराची मनातल्या मनात माफी मागितली. इराचा चेहरा डोळ्यांपुढं आणला आणि म्हणालो, "ईगल. शुअर."

त्यांनी ते लिहून खाली दोन रेघा मारल्या.

कागद गोळा झाले. माझी पाळी आलीच नाही. मला वाटलं, व्याह्यांनी इतकी उत्तरं लिहिल्यावर पंचांनी कुस्ती तिथंच निकाली काढली असेल.

बाईंनी नावं पुकारायला सुरुवात केली आणि सगळ्यांत आधी, ऐका, सगळ्यांत आधी वॉल्टरसाहेबांचं नाव! हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. नॉर्मन तर टेबलावर हात आपटत होता. आणि बक्षीस म्हणून त्यांच्या हातात काय दिलं? लाल फीत बांधलेला हातभर लांब लाकडी चमचा. पैलवानाला गदा देतात, अगदी तशी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वॉल्टरसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, लाजले.

मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. पण त्या क्षणी राहवलं नाही. उभा राहिलो, हात जोडले आणि माझ्या इंग्रजीत सावकाश बोललो.

"ऑल ही! माय व्याही! ऑल आन्सर ही राइट. आय नो ऑल आन्सर. बट आय नॉट टेल! नॉट वन!"

टाळ्या थांबल्या.

नॉर्मनच्या तोंडातला चहा टेबलक्लॉथवर आला. इरा खुर्च्यांमधून वाट काढत आली, माझी बाही धरून तिनं मला खाली बसवलं.

"आजोबा, काय बोलला तुम्ही? तुम्हाला येत होतं?"

"हो गं. पण व्याह्यांना हरवायचं कसं?"

"आजोबा, तुम्ही दोघं एक टीम होतात!"

मी वॉल्टरसाहेबांच्या हाताकडे बोट केलं.

"मग तो चमचा?"

"शेवटी आलेल्यांना देतात."

काय सांगू तुम्हाला! पायाखालची लाकडी फरशी दुभंगावी आणि मी चहाच्या पिंपासकट आत जावं असं झालं. इरानं खाली मान घालून वॉल्टरसाहेबांना सगळं समजावलं. मुलीकडचे, मान, मामांची रमी, रुसलेले व्याही. ते ऐकत होते आणि माझ्याकडे एकटक पाहत होते. मग पुढं वाकले.

"टेक्सास?" त्यांनी विचारलं.

"कॅमल," मी पुटपुटलो.

"बोट?"

"ओल्ड आयर्नसाइड्स."

"अलास्का?"

"अट्टू. किस्का."

आसपासची माणसं खुर्च्या वळवून ऐकू लागली.

"पक्षी?"

"पिजन, साहेब. छोटा पिजन. एक पाय."

नॉर्मन खुर्चीतून अर्धा उठला. "वॉल्टर, पुढच्या वर्षी हे गृहस्थ माझ्या टेबलावर बसतील!"

आता मात्र हॉलभर हशा पिकला. म्हाताऱ्या बायका डोळे पुसून हसत होत्या. मी हात जोडून म्हणालो, "सॉरी, वॉल्टरसाहेब. इरा गुड गर्ल. ओन्ली आजोबा मॅड."

वॉल्टरसाहेब उठले. सावकाश माझ्यासमोर आले, ताठ उभे राहिले. पदक लावतात तशा गंभीर चेहऱ्यानं तो चमचा माझ्या कोटाच्या वरच्या खिशात खोचला. फीत सारखी केली. पार माझ्या कानापर्यंत आला होता तो. मग त्यांनी मला कडक सलाम ठोकला, टाचेवर वळले आणि केकच्या टेबलाकडे चालू लागले.