वीतभर अंतराने तपासलेली बांधी

सिहोऱ्याच्या शिवारात, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या अंगाला, पाव एकराची एक बांधी आहे. चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवायचे आणि त्या चिखलात धान रोवायचे, अशी या भागातली कुठलीही बांधी असते. हिच्यात पाहण्यासारखे वेगळे काही नाही. १९७४ च्या आषाढात भोजराज गजभिये यांनी ही बांधी गुडघ्यांवर बसून, वीतवीतभर अंतराने, बांबूच्या काडीने तपासली. क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर ती काडी सुमारे वीस हजार वेळा चिखलात गेली असावी. काम पाच दिवस चालले, आणि पाचही दिवस त्यांच्या पत्नी धुरपताबाई धुऱ्यावर उभ्या होत्या.

भोजराज सैन्याच्या इंजिनीअर दलात शिपाई होते. एकाहत्तरच्या युद्धानंतर सीमेवरच्या शेतांत पुरलेले सुरुंग काढण्याच्या कामावर त्यांची तुकडी होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते घरी आले ते अंगावर एकही ओरखडा न घेता. गावाच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती. थोरले बंधू तुलाराम यांनी विहारात सर्वांना चहा दिला. माजी सैनिक म्हणून जवाहरनगरच्या कारखान्यात सहज लागून जाशील, असेही सुचवून झाले. भोजराज यांनी फक्त मान हलवली. जिथे दारूगोळा तयार होतो तिथे ते जाणार नव्हते, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही.

पुढे घरच्यांना काही गोष्टी दिसू लागल्या, पण त्यांची एकमेकींशी जोडणी कुणाला करता आली नाही. दोन वर्षांच्या मुलीला ते अंगणाबाहेर कधी पायी चालू देत नसत, सतत कडेवर. लोक म्हणाले, लाड करतात. कच्च्या वाटेवर ते बैलगाडीच्या चाकोरीतूनच चालत. लोक म्हणाले, मिलिटरीची शिस्त. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि ताकदीचे औषध लिहून दिले.

रोवणीच्या दिवसांत मात्र प्रकरण गंभीर झाले. धुरपताबाई बेबीबाईंच्या टोळीत रोवणीला जात. दहा-बारा बाया एका ओळीत वाकून, रोपे खोवत, एकेक पाऊल मागे सरकतात. मागचा पाय कुठे पडणार ते चिखलात दिसत नाही, पाहण्याची गरजही नसते. भोजराज रोज त्या टोळीमागे जात आणि संध्याकाळपर्यंत धुऱ्यावर उभे राहून बायांच्या पायांकडे पाहत. बायांच्या पायांकडे एकटक पाहणाऱ्या पुरुषाचा अर्थ गावाने एकच लावला: बायकोवर संशय.

बेबीबाई तोंडाने फटकळ होत्या. त्या चिखलातूनच ओरडल्या, "काहून गा भोजराज, तुही बायको चिखलातून पळून जाईन का?"

"पळाली त गुडघाभर चिखलात किती दूर जाईन वं!" दुसरी म्हणाली. सगळी ओळ हसली.

भोजराज पायांकडेच पाहत राहिले. आठवडाभराने बेबीबाईंनी धुरपताबाईंना बाजूला घेतले. "बाई, तू कामाची हायेस. पण तुहा पहारेकरी संग आनू नोको. बाया लाजतेत. त्याले घरी बसव, नाही त तू घरी बस."

धुरपताबाई घरी बसल्या. नवरा आपल्यावर संशय घेतो, असे त्यांनाही वाटू लागले होते. पुढच्या साली त्यांनी निश्चय केला: यंदा आपली बांधी आपण रोवायची, आणि त्या रोवणीतही हा माणूस पहारा देत उभा राहिला, तर मुलीला घेऊन माहेरी निघून जायचे. तसे त्यांनी भोजराज यांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, "जाजो." एवढेच.

बाईने नांगर धरायचा नाही, हा तिथला रिवाज. म्हणून चिखलणी तुलाराम यांनी करून दिली. रोपे तयार होती. सकाळी धुरपताबाईंनी लुगडे वर खोचले, रोपांची जुडी हातात घेतली आणि धुऱ्यावरून पाय खाली टाकला. तो चिखलाला टेकण्याआधीच भोजराज यांनी त्यांना मागून कवेत धरून उचलले आणि दोघेही धुऱ्यावर आडवे पडले. लग्नाच्या चार वर्षांत ज्या माणसाने आवाज चढवला नव्हता, तो ओरडत होता, "पाय नोको टाकू! पाय नोको टाकू!"

धुरपताबाईंनी वळून पाहिले. पुढे त्या सांगत, की त्या तोंडावर संशय नव्हता. बैल विहिरीत पडताना पाहणाऱ्या माणसाचे तोंड असते तसे ते होते.

"भासरे नांगर फिरवून गेले," त्या तुलाराम यांच्याबद्दल म्हणाल्या. "बैल गेले. काई झालं का?"

"तिथंबी बैल गेले होते," भोजराज म्हणाले.

मग, त्या धुऱ्यावरच, त्यांनी सांगितले. सीमेवरचे मोहरीचे शेत होते. सळई टोचत ते पुढे गेले, दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावली, आणि मागे वळून म्हणाले, साफ आहे. त्यांच्या शब्दावर विसंबून केशव नावाचा सोबती फितीच्या आतूनच चालत आला. "मी म्हनलो म्हनून तो आला," एवढे वाक्य ते तीनदा बोलले. केशवचे पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. ते सांगण्याची आवश्यकताही उरली नव्हती.

भीती स्वतःच्या पायांची नव्हतीच. ती दुसऱ्याच्या पायांची होती, आणि त्याहून अधिक स्वतःच्या शब्दाची. या क्षणी धुरपताबाईंनी जे केले ते आजही चकित करते. त्या पाचवीपर्यंत शिकलेल्या होत्या. भीती खोटी आहे, असे त्यांनी म्हटले नाही. धीरही दिला नाही. त्या जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "मंग तुमी पाहा. तिथं जसं पाहत होते तसंच. तुमी साफ हाय म्हनसान तवाच मी पाय टाकीन. नाही म्हनसान त नाही टाकत."

भोजराज यांनी बांबूची काडी तासून घेतली. स्वतःच्या पायांसाठी त्यांना कुणाच्या शब्दाची गरज नव्हती. ते गुडघ्यांवर बसले आणि तिरपी काडी चिखलात घातली. एक वीत. पुन्हा एक वीत. तपासलेल्या भागाच्या कडेने सुतळी ताणत ते पुढे सरकत होते. पहिल्या दिवशी पोरे जमली. दुसऱ्या दिवशी तुलाराम आले आणि चिडून म्हणाले, "अबे, रोपं म्हातारी होऊन राहिली! धान खाशीन का चिखल खाशीन?" धुरपताबाईंनी पदर सावरला आणि थोरल्या दिराशी बोलू नये हा दंडक मोडून म्हणाल्या, "खाऊ काई बी. तुमी घरी जा."

त्या चिखलातून एक मोडका विळा निघाला, बैलाचा एक नाल निघाला, खेकड्यांची असंख्य बिळे निघाली. दर वेळी काडी कशाला तरी लागली की भोजराज यांची बोटे चिखलात जात आणि ती वस्तू धुऱ्यावर येई. तिसऱ्या दिवशी बेबीबाई आल्या. जाताना धुरपताबाईंना एवढेच म्हणाल्या, "म्या उगीच बोलली वं."

पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा कोपरा संपला. भोजराज उठले. गुडघे सोलून निघाले होते. तपासणे त्यांना येत होते. बोलणे उरले होते. धुरपताबाई धुऱ्यावर उभ्या होत्या, हातात जुडी. त्यांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने भोजराज म्हणाले, "साफ हाय."

त्या उतरल्या. पोटरीपर्यंत पाय चिखलात गेला. त्यांनी पहिले रोप खोवले आणि मागे न पाहता एक पाऊल मागे टाकले.

१९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या अवस्थेला अधिकृत नाव दिले. मराठीत आपण तिला आघातोत्तर तणाव विकार म्हणतो. अशा माणसासाठी घटना भूतकाळात जात नाही. ती प्रत्येक सारख्या जमिनीत पुन्हा पुरलेली असते. सततची टेहळणी, टाळाटाळ, अबोलपणा ही तिची लक्षणे आज पाठ्यपुस्तकात सापडतात. पण आजाऱ्याच्या भीतीला तिच्याच शिस्तीने उत्तर द्यावे, हे धुरपताबाईंना कुणी शिकवले, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

भोजराज बरे झाले, असे म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी निम्मी बांधी तपासली, त्याच्या पुढच्या वर्षी फक्त कडा. १९८६ मध्ये ते जिथून बाया उतरतात तेवढीच हातभर जागा पाहत होते. ती हातभर जागा मात्र सुटली नाही. तोवर बेबीबाईंची सगळी टोळी त्या बांधीवर रोवणीला येऊ लागली होती. बारा बाया धुऱ्यावर उभ्या राहत, हातात जुड्या, तंबाखू मळत, गप्पा मारत. कुणी पाय टाकत नसे. भोजराज काडी उपसून घेत, उभे राहत, आणि बारा जणींकडे पाहून तो शब्द देत. मग ओळ उतरे.