सुमेरमलजींचा मंजुरी विभाग

तळोद्यात डोंगराकडे जाणाऱ्या जीपगाड्या जिथे उभ्या राहतात, तिथेच सुमेरमलजींचं भांड्यांचं दुकान आहे. डोंगरातून बाजाराला उतरलेल्या गिऱ्हाइकाशी ते पावरीत बोलतात, गावातल्याशी अहिराणीत आणि घरात मारवाडीत. तिन्ही भाषांमध्ये त्यांचा आवडता शब्द एकच, "कशाला?" घरातली भाजी, किराणा, सुनेची साडी, नातीचं दप्तर, सगळं तेच आणायचे. माणूस मनाने वाईट अजिबात नाही. फक्त घरातल्या कुणाला आपल्याशिवाय खरेदी जमेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

म्हणून बारा वर्षांच्या नातीचं, प्रियलचं बँकेत खातं उघडायचं, तिला स्वतःचं कार्ड द्यायचं, असं सून एकताने सुचवलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पोरीच्या हातात कार्ड? उद्या घोडा घेऊन येईल!"

मुलगा जिनेश बापाला ओळखून होता. तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, रोज किती खर्च करायचा ते आपण ठरवायचं. तिने काही घेतलं की लगेच मेसेज येतो. आणि नको वाटलं तर कार्ड जागच्या जागी बंद करता येतं. ते सगळं तुमच्याच मोबाइलमध्ये टाकून देऊ का?"

सुमेरमलजींनी ताट पुन्हा पुढे ओढलं.

कार्ड आलं आणि नातीपेक्षा आजोबाच जास्त हरखले. दुकानात गिऱ्हाईक हंड्यावर टिचक्या मारून बघत असायचं आणि इकडे मोबाइल वाजायचा. मग हंडा राहिला बाजूला. ते चष्मा चढवून वाचायचे आणि स्टेशनरीवाल्या हेमकांतला फोन लावायचे. "प्रियलने आत्ता काय घेतलं? वही? रेघांची की कोरी? बरं, दे."

तोवर वही दप्तरात गेलेली असायची, पण परवानगी दिल्याचं समाधान त्यांना मिळायचं.

"दादाजी, माझ्या मैत्रिणी हसतात," प्रियल एकदा रडवेली होऊन म्हणाली. "त्या तुम्हाला मंजुरी विभाग म्हणतात."

सुमेरमलजींना ते नाव आवडलं.

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली. सुमेरमलजी, त्यांची बायको नोजीबाई आणि प्रियल असे तिघं दुपारी तिथे पोचले. नोजीबाई सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून जेवणाचा डबा बरोबर घेतला होता. तो सुमेरमलजींनी स्वतःच्या हातात ठेवला, कारण बायका डबा विसरतात असं त्यांचं मत होतं.

यात्रेतल्या घोडेबाजारात एका पांढऱ्याशुभ्र घोड्याचा भाव चालला होता. घ्यायचा नसला तरी भावात तोंड घातल्याशिवाय त्यांना राहवेना. मनासारखं तोंड घालून झाल्यावर ते मागे वळले, तर बायको नाही आणि नातही नाही.

नोजीबाईंचा मोबाइल घरीच राहिला होता आणि प्रियलकडे मोबाइल नव्हताच. सुमेरमलजी डबा सांभाळत गर्दीतून फिरले. माइकवर नाव पुकारायला सांगितलं, पण तिथे आधीच हरवलेल्यांची रांग लागली होती. सूर्य तापीच्या पलीकडे कलायला लागला. ही उपाशी राहणार, पोर घाबरली असणार, या विचाराने ते आणखी भराभर चालायला लागले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. प्रियलच्या कार्डावर खरेदी झाली होती, आणि ती झाली होती घोड्यांच्या साजाच्या दुकानात.

"घोड्याच्या दुकानात? कशाला?" ते मोठ्याने म्हणाले आणि पळत सुटले.

दुकानदाराने रंगीत गोंड्यांच्या माळांमधून डोकं बाहेर काढलं. "एक आजी नि पोरगी व्हती ना? आत्तेच गयात तठे, पायनाकडे."

"काय घेतलं त्यांनी?"

"घोडाना गळामा बांधतस ती घुंगरमाळ. आजीले लई आवडनी."

ते पाळण्याकडे निघाले. अर्ध्या वाटेवर पुन्हा मेसेज आला, या वेळी ढोकळ्याच्या दुकानाचा. गर्दीमुळे नेटवर्क रेंगाळत होतं, त्यामुळे मेसेज येईतो त्या दोघी पुढे गेलेल्या असायच्या. ढोकळ्याच्या दुकानावर ते धापा टाकत पोचले, तेव्हा दुकानदार भिकन प्लेटा गोळा करत होता.

"आजीने खाल्लं?"

"दोन प्लेटी. दिवस बुडाना आधी पाहिजे, अशी घाई करी ऱ्हायनी व्हती."

सुमेरमलजींनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. काळजी थोडी उतरली आणि तिच्या जागी राग चढायला लागला. इतक्या वर्षांत या बाईने बाजारात आपल्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि आता नातीच्या कार्डावर घुंगरमाळ घेते, ढोकळा खाते! अशाने या दोघी यात्रा संपेपर्यंत सापडायच्या नाहीत. त्यांना एकदम युक्ती सुचली. त्यांनी मोबाइल काढला आणि कार्ड बंद करून टाकलं. आता ज्या दुकानात जातील तिथेच अडकून पडतील!

आणि तसंच झालं. ते थोडं पुढे गेले, तर शालींच्या एका दुकानापुढे माणसं जमली होती. मध्ये प्रियल लालेलाल होऊन उभी होती आणि दुकानदार कार्ड मशीनला पुन्हा पुन्हा लावून बघत होता. नोजीबाईंच्या खांद्यावर मोरपंखी शाल होती.

"सापडलात बुवा!" सुमेरमलजी म्हणाले. "किती शोधलं! हरवला होतात ना?"

"आम्ही कुठे हरवलो? आम्हाला माहीत होतं आम्ही कुठे आहोत." नोजीबाईंनी नवऱ्याकडे, मग त्याच्या मोबाइलकडे पाहिलं. "कार्ड तुम्ही बंद केलंत?"

"तुम्हाला थांबवायला…"

"चारचौघांत पोरीला चोरासारखं उभं केलंत. ती आजीला शाल घेऊन देत होती, स्वतःच्या साठलेल्या पैशांतून."

सुमेरमलजींनी घाईघाईने खिशातलं पाकीट काढलं.

"ते ठेवा. कार्ड चालू करा."

त्यांनी बटण दाबलं. नुसतं गोल फिरत राहिलं. नेटवर्क नव्हतं.

"काका, उच्चा व्हा, मंग लागी," कोणीतरी सुचवलं. शेजारच्या घोडेवाल्याने आपली खाट दिली. सत्तरी गाठलेले सुमेरमलजी एका हातात डबा नि दुसऱ्यात मोबाइल उंच धरून त्या खाटेवर चढले. खाली जमलेली पोरं ओरडून सांगायला लागली, आणखी डावीकडे, आणखी वर. अखेर कार्ड चालू झालं, मशीनमधून कागद बाहेर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रियलला हसू आवरेना. आजोबांना हात देऊन तिनेच खाली उतरवलं.

"चुकलं माझं, बेटा," ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले. घरात हे वाक्य याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे प्रियलने ते दोनदा म्हणायला लावलं.

एकताने दुसऱ्याच दिवशी कार्डाचं ते अ‍ॅप स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलं. सासऱ्यांना विचारून नव्हे, सांगून. आणि नोजीबाई शाल पांघरून बँकेत गेल्या. सुमेरमलजी सोबत होतेच.

"मला नातीसारखं कार्ड हवंय," नोजीबाई काउंटरवरच्या हेमांगी मॅडमना म्हणाल्या. "पण बंद-चालू करायचं बटण माझ्याकडे पाहिजे."

"आजी, मोठ्यांचं बटण त्यांच्याकडेच असतं."

"यांची सही लागेल?"

"नाही."

"यांना मेसेज जाईल?"

"नाही जाणार."

नोजीबाईंनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावांनी वर्षानुवर्षं ओवाळणीत घातलेले पैसे त्यांनी पिशवीतून काढून मॅडमपुढे ठेवले. ते इतके असतील याची सुमेरमलजींना कल्पना नव्हती.

पुढच्या महिन्यात नोजीबाईंनी शेजारच्या कोकिळाबेनना बरोबर घेऊन बलसाण्याच्या जैन मंदिरात दर्शनाला जायचं ठरवलं. जीप त्यांनीच ठरवली, भाड्याची घासाघीसही त्यांनीच केली. सकाळी निघताना त्यांनी दुकानात डोकावून विचारलं, "येताय का?"

सुमेरमलजींनी लगेच शटर ओढलं. पुढची सीट कोकिळाबेनना कबूल केलेली होती, त्यामुळे त्यांना मागे, पिशव्यांमध्ये बसावं लागलं. वाटेत चिमठाण्याला चहासाठी जीप थांबली तेव्हा ते सवयीने चहावाल्याकडे निघाले होते, पण नोजीबाई आधीच पोचल्या होत्या.

"एक बिनसाखरेचा," त्यांनी चहावाल्याला सांगितलं, "मागे बसलेत त्यांच्यासाठी."