खारीचं सोयर

माझी बायको सुलभा हिने गेल्या उन्हाळ्यात खारीचं सोयर पाळलं. हसू नका. लालबागच्या आमच्या खोलीच्या खिडकीत, झडप आणि ग्रीलच्या मधल्या कोपऱ्यात खार व्याली, तर हिने दहा दिवस देवापुढे दिवा लावला नाही. शेजारची वैनी म्हणाली, "अगो, खारीचं कसलं सोयर?"

"माझ्या घरात इली ना? मगे ती माझीच."

ती कोकणातली. खारीला चानी म्हणायची. "आमच्या रानातली चानी काळसर, लाजरी. माणूस दिसलो की पानांत गडप. ही मुंबयकरीण, हिका लाज नाय." गादीतला काथ्या, वातींचा कापूस, सगळं त्या खारीने घरट्याला ओढून नेलं. हिने एकदा हाकललं नाही. पिल्लांचं सगळं मादी एकटीच करते, नर फिरकत नाही. आमचा मुलगा झाला तेव्हा मी रात्रपाळीला होतो, म्हणून मला टोमणा: "बगा, तुमचीच जात!"

मग तिला श्वास लागला. इस्पितळात नेताना म्हणाली, "खिडकी उघडू नकात. घरटा पडात. पिल्लांनी अजून डोळे उघडूक नाय."

ती परत आली नाही.

पिठावर दिवा ठेवला. भेटायला येणारी माणसं खोलीत मावेनात, घामाने भिजली. मुलगा म्हणाला, "बाबा, जीव गुदमरतोय. उघडा ना."

"ती नको बोललीय."

"आई गेली, बाबा."

"मला माहीत नाय काय?"

तिन्हीसांजेला झडपेवर खरखर व्हायची. तांदूळ निवडताना तिची नखं सुपावर वाजायची, तश्शी. दोनदा माझ्या तोंडून निघून गेलं, "आलीस?" मुलगा तोंड फिरवून रडला.

तेराव्याच्या आदल्या सकाळी खार पिल्लं हलवायला लागली. काचेतून बघितलं. पिल्लाला तोंडात धरलं, ते तिच्या मानेला गुंडाळून राहिलं, आणि ती वायरवरून समोरच्या बदामावर गेली. परत आली. दुसरं नेलं. मग तिसरं. शेवटी रिकाम्या घरट्यात डोकं घालून बघितलं आणि गेली ती गेलीच.

मुलाने कडीला हात घातला. "आता उघडू ना?"

कोंडलेल्या खोलीत तिच्या डोक्याच्या तेलाचा वास अजून होता.

"थांब," मी म्हणालो. "अजून एक असेल."