पिशवीसाहेबांची पिशवी

माझे सासरे नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते आणि लोक त्यांना पिशवीसाहेब म्हणत. हे नाव प्रेमाने पडलेलं नव्हतं. ओल्यात सुका कचरा कोंबलेली पिशवी दिसली की ते ती रस्त्यावरच उघडत, आतून पत्ता असलेला एखादा कागद शोधून काढत, पिशवी परत बांधत आणि त्या घराची बेल वाजवत. "आपली वस्तू आमच्याकडे आली होती," एवढंच म्हणत. माझ्या आईने स्थळाची चौकशी केली तेव्हा उत्तर आलं, माणसं चांगली आहेत, फक्त कचरा नीट टाका.

वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आले, पण संडासापर्यंत चालायला दीड महिना मनाई. मग पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली आणि तिच्याबरोबर लायनरचं खोकं. लायनर म्हणजे खुर्चीखालच्या भांड्यात घालायची पिशवी. तिच्या तळाशी एक पॅड असतं. पडेल ते पाणी ते पिऊन टाकतं आणि मिनिटभरात सगळ्याचा लगदा होतो. पिशवी बांधायची, टाकून द्यायची, भांडं कोरडंच्या कोरडं.

लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मामंजींनी पलंगावरून मला हाकलं.

"काठ बाहेर दुमड सूनबाई. चार बोटं तरी. नाहीतर पिशवी आत घसरते."

"दुमडले."

"पॅड उलटं आहे."

पॅड उलटंच होतं.

"आणि बांधताना हवा दाबून काढू नकोस."

"का?"

"ती जाणार कुठे? तुझ्याच तोंडावर येते." मग म्हणाले, "आमच्या गाडीवरच्या एका माणसाच्या तोंडावर अख्खी पिशवी फुटली होती. आठवडाभर तो जेवला नव्हता. म्हणून दुसऱ्या पिशवीत घालायची, वर लाल खूण करायची आणि झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकायची. ओल्यात टाकलीस तर मी इथून उठेन."

उठणं शक्य नव्हतं, पण मी ओल्यात टाकली नाही.

पलंगाचा कठडा धरून ते स्वतःच खुर्चीवर सरकत. मी बाहेर थांबायची. झालं की ते चमच्याने पेल्यावर टकटक करत, मी आत जायची आणि पिशवी उचलायची. नवरा सकाळी साडेआठला कामावर जातो आणि सातला येतो, म्हणजे दिवसभर मीच. सकाळची पाळी त्याची. तो नाकाला मफलर बांधून आत शिरायचा आणि बाहेर येऊन दहा मिनिटं खिडकीत उभा राहायचा. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, मोठं दुःख कोसळलंय बिचाऱ्यावर.

मी काही त्याच्यापेक्षा शूर नव्हते. पाचव्या दिवशी घाईत मी काठ दुमडायला विसरले, पिशवी आत घसरली आणि उचलताना सगळं फरशीवर. मी फरशी पुसली, फिनेल ओतलं, परत पुसली. तोवर तोंड मिटून होते. मग बेसिनपाशी गेले आणि सकाळचा चहासुद्धा पोटात राहिला नाही. नळ सोडला होता, म्हणजे आवाज जाणार नाही असा माझा समज. आमचं घर दोन खोल्यांचं आहे. परत आले तर मामंजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

त्यानंतर मात्र सुखाचे दिवस आले. पिशव्यांना वासच येईना. दिवसातून चार वेळा टकटक व्हायची, मी श्वास रोखून आत जायची, जडशी पिशवी बांधायची आणि टाकून यायची. मोठं काम सकाळी, नवरा घरी असतानाच उरकायचं. त्या बाबतीत पोटच्या पोराला माफी नव्हती. मी दुकानदाराला फोन करून सांगितलं, तुमचं पॅड उत्तम आहे, आणखी दोन खोकी पाठवा. स्वतःच्या शहाणपणावर मी बेहद्द खूश होते.

आठव्या दिवशी मामंजींना कणकण आली. नवव्या दिवशी त्यांनी मला 'मॅडम, आपला अर्ज कुठाय?' असं विचारलं. मी सिस्टरला बोलावलं. ती आठवड्यातून एकदा जखम बघायला यायची, त्या दिवशी तीन दिवस आधी आली.

तिने त्यांची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पाणी किती पितात?"

"भरपूर. तांब्या दोनदा भरते मी. रिकामा होतो."

"लघवीला?"

"चार वेळा. पिशवी चांगली जड असते."

"मोजली का?"

"कशी मोजू? पॅडमध्ये लगदा होतो."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं. मामंजी छताकडे बघत होते. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "ताई, आत जातंय, बाहेर येतंय, आणि माणूस मात्र सुकत चाललाय. हा हिशोब मला लागत नाही. उद्या सकाळपर्यंत फरक पडला नाही तर भरती करा. आणि या वयात भरती केलेला माणूस चालत घरी येईलच असं मी तुम्हाला सांगणार नाही." तिने पाण्यात घालायची पावडर दिली, संत्र्याच्या चवीची, आणि गेली.

मी मोठा पेला भरून पावडर कालवली आणि त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "ठेव, घेतो." मग म्हणाले, "मला जरा खुर्चीवर बसायचंय." मी बाहेर गेले. टकटक झाली. पेला रिकामा होता. मी श्वास रोखून पिशवीचे काठ उचलले, पण गाठ बसेना, आणि शेवटी श्वास घ्यावाच लागला.

कमोडला संत्र्याचा वास येत होता.

मी पिशवी उघडली आणि आत बघितलं. लगदा नारिंगी होता. मी तशीच जमिनीवर बसले. चार दिवस मी हातमोजे घालून, श्वास कोंडून, लाल खूण करून पिण्याचं स्वच्छ पाणी डब्यात टाकत होते.

"मामंजी," मी म्हटलं, "संत्र्याचं झालं तुम्हाला."

"पॅड चांगलं आहे," ते म्हणाले.

"मामंजी!"

पितळ उघडं पडलं तरी चेहऱ्यावर रेष हलू न देणं हे त्यांचं नोकरीतलं कौशल्य होतं, पण आता तेवढीही ताकद नव्हती. ते हळूच म्हणाले, "तुला उलटी झाली त्या दिवशी. मी ऐकलं. प्यायलोच नाही तर दिवसा काही होत नाही. पण टकटक केली नाही तर तू विचारशील."

"म्हणून पाणी ओतलंत?"

"तेवढं तरी स्वच्छ उचलशील. पोराचं ठीक आहे, त्याचं मी उचललंय. लोकाच्या लेकीनं माझी घाण का काढावी?"

तोवर मला रडू येत होतं. ते शब्द ऐकले आणि माझं डोकंच फिरलं.

"लोकाची लेक? एकोणीस वर्षं झाली मला या घरात. सासूबाईंना शेवटची आंघोळ मी घातली. कुलपाच्या किल्ल्या माझ्याकडे, तुमच्या गोळ्या माझ्याकडे, आणि मी अजून लोकाचीच?"

ते चादरीची कड सारखी करू लागले.

"आणि घाण वाटते मला. हो, वाटते. परत उलटी होईल कदाचित. होऊ दे! उलटी झाली तर मी चूळ भरीन. तुम्ही गेलात तर मी काय करू?" माझा आवाज शेजारच्यांपर्यंत गेला असणार. "तुम्ही मला हवे आहात मामंजी. एवढंच आहे. प्यायचं असेल तर प्या, नाहीतर मी दवाखान्याची गाडी बोलावते."

मी दुसरा पेला कालवला आणि समोर उभी राहिले. पेला मीच धरला. ते अर्ध्यावर थांबले.

"फार गोड आहे."

"प्या."

प्यायले. अर्ध्या तासाने आणखी एक, मग साधं पाणी. दुपारभर मी खुर्ची टाकून तिथेच बसले. पावणेपाच वाजता ते अवघडून म्हणाले, "सूनबाई, जरा बाहेर थांबतेस?"

मी दाराबाहेर उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग टकटक झाली.

वास होता. चांगला उग्र होता, डोळ्यांत पाणी आलं. मामंजी भिंतीकडे बघत बसले होते, कान लाल झालेले. मी काठ उचलले, गाठ मारली आणि खालून हात लावून पिशवी वर घेतली. पिशवी कोमट होती. चार दिवस मी गार पिशव्या उचलल्या आणि माझ्या हाताला ते एकदाही कळलं नव्हतं.

मी ती तशीच दोन्ही हातांत धरून उभी राहिले.

"सूनबाई," मामंजी भिंतीला म्हणाले, "ती टाकायची असते."